वरच्या मजल्याला कायम माणूस

६ जानेवारी, सोमवार

वीणाने पुण्याहून फोनवर बजावलं की यावेळी सगळं लिहून ठेव. "आई, तू माणसांची सरमिसळ करतेस. कोण आला, काय करतो, कुठे करतो, ते वहीत लिही आणि मला वाचून दाखव." लेक आहे की इन्स्पेक्टर, कळत नाही. म्हणून ही वही. वाचून दाखवायचं ते दाखवीन, बाकीचं माझं मी ठेवीन. बासष्टाव्या वर्षी एवढी मुभा असायला हरकत नाही.

वरचा मजला नोव्हेंबरपासून रिकामा आहे. आधीचा विराज कुठल्याशा नव्या कंपनीत होता. तिथे म्हणे कॉफी फुकट आणि वाढदिवसाला केक. एका शुक्रवारी कंपनीच बंद पडली आणि रविवारी दुपारी मी देवळात गेले असताना हा सामान भरून गेला. किल्ली मीटरच्या पेटीवर. पोरगा वाईट नव्हता, जाताना कुंड्यांना पाणी घालून गेला. पण मंगळवारपर्यंत मी वर कोणीतरी आहे असंच समजून वावरत होते, आणि ते मला लागलं. रेडिओचा आवाज बारीक करत होते, का, तर वर झोपला असेल.

तेव्हा यावेळी वीणाचा नियम तोच माझा नियम. भाडेकरू कायम नोकरीवालाच हवा. आमच्या हेब्बाळचा ब्रोकर यल्लाप्पा सकाळी आला होता, त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, बेंगळूरात आता पर्मनंट म्हणजे फक्त ट्रॅफिक." मग डोकं खाजवून म्हणाला, "सरी, ठीक आहे, बघतो."

१२ जानेवारी, रविवार

यल्लाप्पाने खरंच शोधून आणला. नरसिंह, सरकारी बँकेत अधिकारी, एकोणीस वर्षं सर्व्हिस, बायको आणि एक मुलगी. मी काही मागायच्या आधीच त्यांनी फाइल उघडून पुढे केली. ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, जुन्या घरमालकाचं पत्र. माणूस बोलायला मऊ, दारात चपला नीट जोडीने ठेवणारा. नाव ठेवायला जागा नाही.

वर गेल्यावर त्यांनी नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या. मग भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवून विचारलं, "हे काढून टाकाल ना?" खालच्या लॅण्डलाइनचंच ते एक्स्टेन्शन आहे. मी टेलिफोन खात्यात होते तेव्हा घरी दोन फोन असायचे, त्यातला हा. कोणी वापरत नाही. काढायला पाच मिनिटं लागतील.

मी म्हटलं, विचार करून सांगते. यल्लाप्पा जिन्यात माझ्याकडे बघत राहिला. "अक्का, पेन्शनची नोकरी आहे त्यांची. विचार कसला?" खरं आहे, कसला? ते जरा टाचा घासून चालतात, वरून खाली आवाज येईल. हे कारण वीणाला सांगायला नको, ती हसेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारणींनी एळ्ळू-बेल्ला, इकडचा तीळगूळ, आणून दिला, मी त्यांना तिळाच्या वड्या दिल्या. ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. तिळाची वडी त्यांच्या दातात अडकायची, तरी हट्टाने खायचे.

वासुदेव भला माणूस होता. सरकारी कारखान्यात कायम नोकरी, हे त्यांच्या स्थळाचं पहिलं वाक्य होतं. कारखाना बंद झाला तेव्हा वीणा सहावीत होती. त्यानंतरही ते कितीतरी महिने पहाटे पाचला उठून दाढी करायचे, पहिल्या पाळीला निघायचं असल्यासारखे, आणि मग पेपर येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहायचे. मी कधी काही बोलले नाही. डबा मात्र मी एकच भरायचे, माझा.

१९ जानेवारी, रविवार

आज यल्लाप्पा दुसरी पार्टी घेऊन आला. "अक्का, तुमच्यातलाच आहे, मराठी. स्वल्प बघून तर घ्या."

प्रणीत नाव, नागपूरचा. उंच, खांदे पाडून उभा राहणारा. बरोबर आर्या, कराडची. मे महिन्यात दोघांचं लग्न आहे. मुलीच्या वडिलांनी सांगितलंय, आधी छप्पर, मग अक्षता. आतापर्यंत सहा घरमालकांनी नाही म्हटलंय.

का नाही म्हटलं ते मला त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावरून आधीच कळलं होतं. इथल्या टेक पार्कची मुलं दुपारी भाजीवाल्याच्या शेजारी चहाला येतात. काहींच्या गळ्यात निळा पट्टा, काहींच्या हिरवा. निळे लोक कंपनीचे, हिरवे लोक दुसऱ्या कंपनीने पुरवलेले. एकाच टेबलावर काम करतात म्हणे, पण दिवाळीची मिठाई फक्त निळ्यांना. याचा हिरवा होता आणि त्याने तो खिशात लपवलाही नव्हता.

"काकू, पहिलेच सांगून टाकतो," बसायच्या आधीच तो म्हणाला. "मी काँट्रॅक्टवर आहे. दर सहा महिन्यांनी रिन्यू होतं. चारदा झालं. पाचव्यांदा होईल का, मला माहीत नाही."

"हे लपवता आलं असतं."

"आलं असतं ना. पण मग तुमचा जिना रोज चोरासारखा चढावा लागला असता."

यल्लाप्पाने कपाळाला हात लावला. मी त्याला खुर्ची पुढे केली. हेच वाक्य नव्हे, पण असलंच एक वाक्य मी फार वर्षांपूर्वी एका पत्रात वाचलं होतं.

आर्या वर गेली तर थेट त्या फोनपाशी. रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि ओरडली, "अय्या, टोन आहे!" मग प्रणीतच्या कानाला लावला. दोघं एकच रिसीव्हर धरून उभी. मी गच्चीचं दार उघडायच्या निमित्ताने पुढे झाले.

ती मुलगी पोस्टाच्या मोठ्या कचेरीत आहे, परीक्षा देऊन लागलेली. गुणी वाटली. पण घर शेवटी पुरुषाच्या नोकरीवर उभं राहतं, असं मी यल्लाप्पाला नंतर म्हटलं. आमचं अठरा वर्षं माझ्या पगारावर चाललं, ती गोष्ट निराळी.

२० जानेवारी, सोमवार

हे पान वीणासाठी नाही.

मी तेव्हा बेळगावच्या ट्रंक एक्स्चेंजला होते. वयाच्या विसाव्या वर्षी लागले, वर्षभरात कायम झाले. तेव्हा गावाहून गावाला फोन लावायचा तर आम्ही ऑपरेटर मध्ये लागायचो. ऑपरेटर एकमेकांना नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. "हॅलो कोल्हापूर, मिरज द्या." "बोला, बेळगाव."

हुबळीला एक आवाज होता. दुपारी दोन ते चार लाइनी जरा मोकळ्या असायच्या. पहिल्यांदा त्यांनी एवढंच विचारलं, "बेळगाव, आज आवाज बसलाय का?" मला सर्दी झाली होती. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग रोज. दोन मिनिटं, चार मिनिटं. ते भाजलेले शेंगदाणे खायचे, त्याचा आवाज लाइनवर यायचा. मी म्हणायची, हुबळी, एकटेच खाताय. ते म्हणायचे, पोस्टाने पाठवतो. एकदा खरंच पाकीट आलं, एक्स्चेंजच्या पत्त्यावर, वर 'बेळगाव यांना' एवढंच. पोस्टमन हसून गेला. ड्युटी संपताना ते विचारायचे, "ठेवू का, बेळगाव?" आणि मी म्हणायची, "ठेवा." दीड वर्षात आम्ही एकमेकांना पाहिलं नाही. पाहायची घाई नव्हती. वाटायचं, आता काय, आयुष्य पडलंय.

मग त्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, रीतसर मागणीचं पत्र लिहिलं. नाव, गाव, शिक्षण, आणि पुढे, 'नोकरी तात्पुरती आहे, तासांवर पगार मिळतो, कायम कधी होईन हे सांगता येत नाही. हे लपवून आपल्या घरात पाऊल टाकणं मला जमणार नाही.'

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे. पण प्रामाणिकपणावर चूल पेटत नाही. मुलगी कायम आणि जावई तात्पुरता, लोक काय म्हणतील?" तरी रीत म्हणून काका हुबळीला चौकशीला जाऊन आले. थेट एक्स्चेंजमध्ये, त्यांच्या सुपरवायझरकडे. परत येऊन म्हणाले, "आज आहे, उद्या नाही, अशातली गत."

त्या आठवड्यापासून हुबळीला तो आवाज येईना. दुपारी कोणी दुसरंच असायचं. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. मला वाटलं, नकाराचा राग आला, टाळतायत. मी पण बेळगावची. मीही विचारलं नाही.

महिन्याने एका दुपारी ते आले लाइनवर. म्हणाले, "बेळगाव?" मी म्हटलं, "बोला, कुठला नंबर हवा?" नुसती लाइनीची खरखर. मग त्यांनी विचारलं, "ठेवू का?"

मी म्हटलं, "ठेवा."

२२ जानेवारी, बुधवार

आज डोकं थंड ठेवून काम केलं. नरसिंह चांगले, प्रणीतही मनात भरलाय, तर निकाल चौकशीवर लावावा. बिनचौकशीची सोयरीक नको आणि बिनचौकशीचा भाडेकरूही नको, असं अप्पा असते तर म्हणाले असते.

प्रणीतच्या कंपनीचा नंबर काढला. घर भाड्याने द्यायचंय म्हटलं तर हे लोक धड बोलत नाहीत, हे विराजच्या वेळी पाहिलंय. म्हणून जुना आवाज काढला, छत्तीस वर्षांच्या नोकरीचा. इंग्रजीत म्हटलं, "व्हेरिफिकेशनसाठी बोलतेय. आपल्याकडचे मिस्टर प्रणीत, त्यांची नोकरी कायम आहे की तात्पुरती? सध्याचा काँट्रॅक्ट कधी संपतो?" रिसेप्शनने लगेच वर जोडून दिलं. वरच्याने सगळं ऐकून घेतलं, कुठून बोलता एवढं विचारलं. मी म्हटलं, "ते गोपनीय आहे." मग म्हणाला, काँट्रॅक्ट या महिनाअखेर संपतो, बाकी सांगता येत नाही.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मीच हसत होते. म्हातारी झाले तरी हात विसरले नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

नरसिंह सहकुटुंब येऊन गेले. मुलगी गोड आहे, झोपाळ्यावर बसली. त्यांच्या पत्नीने विचारलं, वर फोनच्या जागी देव्हारा बसेल का. बसेल की.

अजून हो म्हटलेलं नाही. वीणा म्हणते, "आई, तू घर भाड्याने देतेयस का स्वयंवर मांडलंयस?"

२८ जानेवारी, मंगळवार

प्रणीतचा फोन आला. आवाज कोरडा. "काकू, तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून करतोय. माझं रिन्यू नाही झालं. मॅनेजरने गेल्या आठवड्यात बोलावलं, म्हणाला, तू बाहेर ट्राय करतोयस असं कळलंय. मी म्हटलं, नाही सर. त्याने ऐकलंच नाही. टीममधल्या बाकी सगळ्यांचं झालं."

काय या कंपन्या! कुणाच्या तरी सांगण्यावरून माणसाला काढून टाकतात. म्हणूनच मी म्हणते, कायम नोकरी ती कायम नोकरी. बरं झालं, घाई केली नाही. यल्लाप्पाला फोन करून सांगितलं की नरसिंहांना रविवारी पानसुपारीला बोलाव.

एवढं बरोबर केल्यावर जेवण जायला हवं होतं. गेलं नाही. वर जाऊन खिडक्या लावून आले. येताना तो रिसीव्हर उचलून पाहिला. टोन होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी आर्या एकटी आली. मी चहा ठेवला. म्हणाली, "काकू, घर दुसऱ्यांना दिलंत ते कळलं. मी त्यासाठी नाही आले. एक विचारायचं होतं."

मग सांगायला लागली. प्रणीतच्या मॅनेजरला बावीस तारखेला एक फोन आला होता. कुणी बाई होत्या, व्हेरिफिकेशनसाठी बोलतेय म्हणाल्या. नवी कंपनी माणूस घ्यायच्या आधी जुन्या कंपनीत अशी चौकशी करते, तसलाच तो फोन, असं मॅनेजरने धरलं. म्हणजे हा जाणारच, मग याचं रिन्यू कशाला करा. "प्रणीत डोकं फोडून घेतोय, काकू. त्याने कुठेच अर्ज केला नव्हता. मॅनेजर म्हणाला, बाईंचा आवाज अगदी रेडिओवरच्यासारखा होता."

चहा उतू गेला. मी तो पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. बहुतेक तिला ठाऊक होतं. बहुतेक तेच विचारायला आली होती, आणि विचारलं नाही.

दारात चपला घालताना म्हणाली, "अजून एक सांगू का, काकू? राग नका मानू. सातही घरमालकांनी त्याची नोकरी विचारली. माझी पर्मनंट आहे. बत्तीस वर्षं सर्व्हिस उरलीय माझी. मला कोणी विचारलंच नाही."

२ फेब्रुवारी, रविवार

झोप लागली नाही म्हणून पहाटेच लिहायला बसलेय.

मला कोणी विचारलंच नाही. ही मुलगी माझ्या दारात उभी राहून माझंच वाक्य म्हणून गेली. मी कायम होते, अप्पा. पहिल्यापासून मी कायम होते. पेन्शनची नोकरी माझी होती. दोघांना पुरलं असतं. आणि पुरलंच की नाही शेवटी, अठरा वर्षं, तिघांना? हे तुमच्या लक्षात आलं नाही, काकांच्या आलं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याही आलं नाही. मी इतकी वर्षं नशिबाला बोल लावत बसले आणि त्या रविवारी यल्लाप्पासमोर तुमच्यासारखंच बोलले.

आणि दुसरं. काका थेट एक्स्चेंजमध्ये गेले होते. सुपरवायझरला विचारून आले होते, तुमचा हा मुलगा आमच्या बेळगावच्या मुलीला मागणी घालतोय, तर नोकरी कशी आहे? लाइनवर खासगी बोलणं हा तेव्हा गुन्हा होता. तासांवर पगार असलेल्या माणसाला काढायलाही लागत नाही, त्याला ड्युटी लावली नाही की झालं.

ते टाळत नव्हते. त्यांना ड्युटीच लागत नव्हती. महिन्याने कुणाच्या तरी बदलीवर एक दुपार मिळवून ते बसले असतील, आणि मी विचारलं, कुठला नंबर हवा.

दोन वर्षांनी तिथले सगळे तात्पुरते कायम झाले, असं नंतर कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा वीणा पोटात होती. मी 'बरं झालं' म्हटलं होतं.

अडतीस वर्षं मी त्यांच्यावर रुसून होते. कुणावर तरी रुसलेलं असलं की तो माणूस जवळ राहतो. आता रुसताही येत नाही.

आता दुपार झालीय. नरसिंहांना सकाळी नऊला फोन करून नाही म्हटलं. क्षमा मागितली. ते म्हणाले, "काही अडचण नाही मॅडम, पण कारण कळेल का?" मी म्हटलं, माझीच चौकशी कमी पडली. माणूस भला, त्यांना कुठेही घर मिळेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोघांना संध्याकाळी बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं. तो फोन मी केला होता. कुठून बोलते ते लपवलं होतं. फोन ठेवून हसले होते, तेही सांगितलं.

प्रणीत उठला आणि बाहेर गेला. फाटकाला टेकून, पाठ करून उभा. आर्या जागची हलली नाही. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, तिने हाताने थांबवलं. पंधरा मिनिटांनी तो आत आला.

"तुम्ही मला म्हटलं असतं ना काकू, तर मीच नंबर लावून दिला असता," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझ्या मॅनेजरशी मी बोलते, खरं सांगते. तो म्हणाला, "नका. आता तिथे परत जायचं मलाच नाही." मग मी करारपत्र पुढे ठेवलं. भाडेकरूच्या नावापुढे जागा कोरी होती. पेन आर्याला दिलं.

तिने सही केली. प्रणीत म्हणाला, "माझा राग गेला असं समजू नका. मेपर्यंत दुसरं घर मिळणार नाही, म्हणून हो म्हणतोय." मी म्हटलं, हेही प्रामाणिक झालं. तो हसला नाही. पण जाताना फाटकाची कडी नीट लावून गेला.

वीणा फोनवर तासभर ओरडली. "नोकरी गेलेल्या मुलाला घर? आई, नियम काय ठरला होता?" मी म्हटलं, नियम तोच आहे. कायम नोकरीवाल्यालाच दिलंय.

३० मार्च, रविवार

पाडवा. आर्याने सामान आणलं. लग्न होईपर्यंत ती आणि तिची आई राहणार, प्रणीत मित्राकडे. त्याने गुढीची काठी मात्र गच्चीवर बांधून दिली. खाली शेजारच्यांचा उगादीचा कडुनिंब-गूळ, म्हणजे बेवू-बेल्ला, वर गुढी. यल्लाप्पाने दोन्हीकडे जेवून घेतलं.

"अक्का," तो हात पुसत म्हणाला, "बँकवाल्याला सोडून तुम्ही हे केलं, मला अजून कळलं नाही." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. मला कळायला किती वर्षं लागली ते विचार.

फोन काढू का, असं आर्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या. आईशी खाली-वर बोलायला होईल." कुठल्या आईशी, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी अकराला लॅण्डलाइन वाजली. आता तिच्यावर कोणी करत नाही, म्हणून आधी उचलावंसंच वाटलं नाही.

तरुण मुलाचा आवाज, कानडी, अदबशीर. "नमस्कार मॅडम, व्हेरिफिकेशनसाठी फोन केलाय."

मी खुर्चीवर बसले. प्रणीतला नवी नोकरी मिळतेय हे वर रजेवर असलेल्या आर्याने सांगितलं होतं. लग्नानंतर इथेच राहणार म्हणून त्याने पत्ता इथला दिला होता आणि घरमालकीण म्हणून माझा नंबर. या मुलाने एकेक विचारलं. ओळखता का? ओळखते. वागणूक कशी? म्हटलं, "नोकरी गेल्याचं स्वतःहून फोन करून सांगणारा मुलगा आहे. लिहून घ्या." तो म्हणाला, "मॅडम, एवढी जागा नाही फॉर्ममध्ये." मग शेवटचा प्रश्न. "या पत्त्यावरचं राहणं टेम्पररी की पर्मनंट?"

"पर्मनंट," मी म्हटलं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मी सहज विचारलं, कुठून बोलताय?

"हुब्बळ्ळीहून, मॅडम."

पूर्वी हुबळीच्या लाइनीवर एक बारीक खरखर असायची. आता काही नव्हतं, अगदी स्वच्छ. तो मुलगा शेजारच्या खोलीत असल्यासारखा श्वास घेत होता. "आयतु मॅडम," तो म्हणाला. झालं. "इडला?" ठेवू का?

मी म्हटलं, "स्वल्प थांबा."

तो थांबला. एवढे दोनच शब्द होते आणि ते म्हणायला मला अडतीस वर्षं लागली. त्यापुढचं काही मी कधी तयार केलं नव्हतं, म्हणून काय बोलावं ते सुचेना. मुलगा बिचारा "मॅडम? हेळी मॅडम, बोला," म्हणत राहिला. शेवटी मी विचारलं, जेवण झालं का?

"इल्ला मॅडम, अजून वेळ आहे. तुमचं?"

"माझंही व्हायचंय," मी म्हटलं. "सावकाश जेवा. आणि आता ठेवा."

त्याने ठेवला. मी रिसीव्हर कानालाच धरून बसले होते. जरा वेळाने वरचा रिसीव्हर कोणीतरी उचलल्याचा टक् आवाज आला आणि आर्या म्हणाली, "काकू, झालं का तुमचं बोलणं? मला कराडला लावायचाय."

हुबळीचं नाव योगीराज होतं. इतक्या पानांत मी ते एकदाही लिहिलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते.